आडवी लावलेली थप्पी

मघोईनं करकचून ब्रेक दाबून फोर्कलिफ्ट थांबवली. समोर रिकाम्या पॅलेटांची थप्पी चक्क आडवी लावलेली.

माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटी म्हणजे ही पॅलेटं, दोनच बाजूंनी उघडी. तिथून फोर्कलिफ्टचे काटे सरळ आत जातात. उरलेल्या दोन बाजूंना अखंड फळी, तिथं डोकं आपटलं तरी वाट नाही. म्हणून मोम्बासाच्या त्या चहाच्या गोदामात शिस्त एकच होती, थप्पीची उघडी बाजू रस्त्याकडे. आणि ही थप्पी लावली होती किरीघानं, मघोईच्या नवऱ्यानं. अठरा वर्षं पॅलेटं ठोकणाऱ्या सुताराला एवढं कळत नाही होय!

तिनं हॉर्न वाजवला. तो खिळे ठोकत राहिला. तिनं पुन्हा वाजवला.

"हॉर्न कसला बडवतेस?" पलीकडून चहावाली मवानाशा ओरडली. "देवानं तोंड दिलंय ना तुला?"

तिथंच तर सगळं अडलं होतं. वडिलांना माती देऊन आल्यापासून अकरा दिवस मघोई नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. जहाज लागलं, मुकादमानं रजा नाकारली, आणि हा मुकाट्यानं इथं पॅलेटं ठोकत बसला. सासऱ्याच्या मातीला गेला नाही. मग तिनं नैरोबीच्या गोदामात बदली मागून घेतली. सोमवारी जायचं होतं, एकटीनं.

माल भरून घ्यायला थांबलेला लॉरीवाला घाई करायला लागला. शेवटी ती खाली उतरली.

"थप्पी फिरव."

किरीघाचा हातोडा थांबला. "बोललीस बाई एकदाची!"

"कामाचं बोलले. फिरव म्हणते ना."

"फिरवतो. आधी चार शिव्या घाल. घर खायला उठतं गं. काहीही बोल, पण अशी गप्प राहू नकोस."

"काय बोलू?" तिचा आवाज चिरकला. "आमच्याकडे शवपेटी जावई उचलतात, ठाऊक होतं ना तुला? तिघं होते. चौथ्याची वाट बघत सगळा गाव उन्हात उभा. शेवटी मी खांदा दिला."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो मटकन फळ्यांवर बसला.

"चुकलो गं. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. फार चुकलो." मग त्यानं विचारलं, "कुठला खांदा?"

"उजवा."

तो उठला. भुशानं माखलेला हात विजारीला पुसून त्यानं अलगद तिच्या खांद्यावर ठेवला. तिनं तो झटकला नाही.

"फार जड होती का पेटी?"

"नाही रे," ती म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं. "बाबांचं काही वजनच उरलं नव्हतं."

लॉरीवाल्यानं भोंगा वाजवला. "थांब की मेल्या!" मवानाशा त्याच्यावर खेकसली. "घोड्यावर बसून आलायस का?"

किरीघा वरचं पॅलेट उतरवायला लागला. मघोईनं बाहीनं डोळे पुसले आणि दुसरं टोक धरलं.

"सोमवारी...?" त्यानं तिच्याकडे न बघताच विचारलं.

"सोमवारी गावी जाऊ," ती म्हणाली. "बाबांना कुठं ठेवलंय, तुला दाखवते."