निकिताचा तंबू

राळेगावहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या निकितानं शेजारच्या गुलनारभाभीच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला आणि आईला, मैनाबाईला, सुटीतले फोटो दाखवले. आभाळाला टेकलेली रेडवूडची झाडं होती आणि एका बुंध्याशी लहानसा हिरवा तंबू.

"दोन राती इथंच झोपलो आम्ही, आई."

"कायची राखण होती वं?"

निकिता हसली. "राखण कायची? इथले लोक मजा म्हणून झोपतात रानात."

"अन् जनावर?"

"अस्वलं आहेत. पण काही करत नाहीत."

मैनाबाई जरा वेळ त्या तंबूकडे पाहत राहिली. मग "जीव सांभाळजो" म्हणून तिनं फोन परत दिला.

"मजेत हाय तुमची पोरगी," गुलनारभाभी म्हणाली.

"कायची मजा, भाभी! तिले राखणीवर ठेवलं हाय. मले सांगून नाही राह्यली."

"आईपासून कायले लपवन ते?"

मैनाबाईनं पदर खोचला आणि ती उठली.

"गडी काढला तवापासून डुकरं हाकलाले मीच पऱ्हाटीत मचाणावर झोपतो, हे म्या तरी तिले कुठं सांगतलं?"