बेरमेतच्या घरची तपासणी

सांख्यिकी सहायक म्हणून बेरमेतची नोकरी पक्की व्हायला आता एकच तपासणी उरली होती. तिनं जनगणनेत मोजलेल्या घरांपैकी कुठल्याही एका घरी जाऊन साहेब पुन्हा विचारणार आणि आकडा जुळला नाही की नोकरी गेली! आणि चिठ्ठीत घर निघालं कुणाचं? तिचंच! बेरमेत तर हसलीच. नारीनच्या डोंगरात दारोदार फिरली होती ती, पण स्वतःच्या घरचं तिनं कुणाला न विचारताच लिहून टाकलं होतं, मुलं चार. त्यात काय चुकणार?

टोक्तोसून साहेब गालिच्यावर टेकले. आईनं चहा ओतला, गरम बोरसोक, तळलेले पिठाचे गोळे, पुढे सरकवले. बेरमेत दारात उभी, मध्ये एक शब्दही बोलायला बंदी.

“मुलं किती, ताई?”

“तीन. एर्मेक, सांझार, ताल्गात.”

बेरमेत डोळे मोठे करतेय, मान हलवतेय, पण आई तिच्याकडे बघायलाच तयार नाही!

“नीट सांगा हं. इथं चार लिहिलंय.”

“लिहिणारीला काय कळतंय? तीनच!”

साहेबांनी खोडायला पेन उघडलं. “मग ही दारात उभी आहे ती कोण?”

आई एकदम पुढे झुकली, आवाज अगदी खाली आणला. “हळू बोला ना, साहेब! आज पोरीची नोकरी पक्की व्हायचीय. नेमकी आजच तिला मोजून दृष्ट लावून घेऊ होय?”