टाहो

कंग्राळीच्या रेणुकाचं तान्हं बाळ तापानं मलूल पडलं होतं. एरवी दूध जरा उशिरा मिळालं तर गल्ली डोक्यावर घेणारा तिचा लेक बेळगावच्या इस्पितळात सुई टोचली तरी हूं की चूं करत नव्हता. “लई गुणाचं पोर गं तुझं,” शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकानं म्हणाली, तशी रेणुकाच्या काळजात चर्र झालं. पोर रडत नाही हेच वाईट लक्षण, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. एका सकाळी नर्स पुन्हा सुई घेऊन आली. सुई शिरताच इवलासा चेहरा लालबुंद झाला आणि पोरानं असा टाहो फोडला, की अख्खा वॉर्ड दचकून उठला. नर्स त्याला थोपटू लागली. “गप नका करू, आक्का!” रेणुकानं लेकराला छातीशी धरलं. “बोंबल रं माझ्या राजा, बोंबल! साऱ्या बेळगावला ऐकू जाऊ दे!”