टपावरून चालवलेली बस

"कुणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही," बंद दाराला आतून पाठ टेकत बाबा म्हणाले, "पण मागच्या साथीत मी बस टपावर बसून चालवली आहे."

दाराबाहेर मुलगा फरशीवर बसला होता. शेजारी स्टुलावर दुधाचे दोन पेले, सकाळपासून तसेच. मास्क त्याने हनुवटीवर ओढून ठेवला होता. सगळ्यांनी सांगून झालं, पण त्याचं एकच: आईने हाक मारली तर तिला माझं तोंड दिसायला नको?

"बाबा, ते राहू द्या. दार उघडा. एकदा बघतो तिला नि जातो."

"ऐक तर! डेपोचा हुकूम निघाला, ड्रायव्हरने प्रवाशांपासून सहा हात लांब राहायचं. आता बसमध्ये सहा हात आणायचे कुठून? चढलो टपावर. खिडकीतून एक बांबू स्टिअरिंगला, दुसरा गिअरला. ब्रेकला दोरी."

आत पलंगावर आई होती. दुपारीच बाबांनी तिच्या तोंडावर चादर ओढली होती. मग आरोग्य खात्याला फोन केला होता. गाडी निघाली आहे, म्हणाले, तोवर कुणाला आत घेऊ नका. सांगायला काय जातं त्यांचं! परवा ती नुसती 'पाणी' म्हणाली, तर हा तसाच उघड्या तोंडाने आत शिरायला निघाला. बाबांना काठी आडवी घालावी लागली. आज कळलं तर तिला मिठी मारल्याशिवाय राहायचा नाही. आणि तिथून उठून जाणार कुठे? समोरच्या खोलीत. तिथे सून ओली बाळंतीण, मांडीवर तान्हं. कडी तर अशी की एका धक्क्यात निखळावी.

"आणि हॉर्न?" मुलाने विचारलं. न राहवून विचारलं. लहानपणापासून या गोष्टीत तो इथेच हे विचारत आला होता.

"हॉर्नला तुझी आई! पुढच्या सीटवर बसून तोंडानेच वाजवायची. समोरचे ट्रक घाबरून शेतात उतरायचे."

बाबा थांबले. मुलगाही थांबला.

ही थाप या घरात कधीच याच्या पुढे गेली नव्हती. ट्रक शेतात उतरले की आई असेल तिथून ओरडायची. मोरीतून, गच्चीवरून, एकदा तर भर तापातून. पुढे त्या बसचं काय झालं, हे खुद्द बाबांनाही ठाऊक नव्हतं.

"मग... मग पुढे एक पूल लागला," बाबा म्हणाले. "अरुंद होता. म्हणजे तसा रुंदच..."

"आई झोपली आहे का?"

"छे! जागी आहे. हसतेय."

"हसतेय?"

मुलगा उठून उभा राहिला. त्याचा तळवा दारावर टेकला, तसं दार कडीसकट करकरलं. बाबांनी पाय रोवले, डोळे मिटले. घसा खाकरला.

आणि आतून बारीक, चिरका आवाज आला, "थापा! सगळ्या थापा! मी त्या बसमध्ये कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाही!"

समोरच्या खोलीत तान्हं कुरकुरलं. मुलाने वळून तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दारावरचा हात हळूहळू खाली आला. त्याने हनुवटीवरचा मास्क वर ओढला, नाकावर नीट बसवला.

"बाबा," तो मास्कआडून म्हणाला, "हा तुमचा आवाज आहे."