बोकड बदलायची वेळ

गुंडाप्पाला बोलायची रीत म्हणून नव्हती. चहाची बशी तोंडाला लावता लावताच त्यानं खिशातला मोबाइल काढला आणि बानूबाईच्या नाकापुढं धरला.

"आक्का, सुपारी फोडायच्या आधी अक्षदाची ही तपासणी करून घे. नळीत थुंकायचं. पिढ्यान् पिढ्या रगतात काय काय चालत आलंय, समदं वाचून देतेत. लई स्वस्त झालंय आता. दोन करडांच्या पैशात होतंय."

बानूबाईनं मोबाइलकडं बघितलंही नाही. समोर बसलेला तिचा सख्खा भाऊ होता. बारा वर्षांनी धाकटा, कडेवर वाढवलेला. पुढं तिनंच आपली लेक महानंदा त्याला दिली. मामाला भाची, रीतीप्रमाणं. माहेर तुटू नये म्हणून. आणि त्यांच्या धनाजीला आपल्या लेकाची लेक द्यायची, हा शब्दही तिनंच दिला होता, अक्षदा पाळण्यात असताना. बावीस वर्षं तिनं तो शब्द सांभाळला. आणि हा आता नातीची थुंकी मागत होता.

"दात बघून शेळी घ्यावी, तसा आलास व्हय रं?"

"तसं न्हाय आक्का. पर महानंदाची दोन लेकरं गेली. तिच्या पोटाचा दोष भाचीत उतरला नसंल ना, तेवढं बघू की."

जगला तो धनाजी गुंडाप्पाचा. गेली ती दोन महानंदाची. बानूबाईच्या कानशिलाची शीर ताठ झाली.

अक्षदा उंबऱ्यात उभी होती. उमरग्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. ती म्हणाली, "मामा, एकटीची करून काय कळायचं? असला दोष दोघांकडनं आला तर लेकराला भोवतोय. माझी करते, धनाजीचीबी करा. आन् कागदावर काय निघालं न्हाय म्हंजी काय न्हायच, असंबी नसतंय. समदंच कळत न्हाय त्यातनं."

"माझ्या पोराला काय धाड भरलीय?" गुंडाप्पा उसळला. मग बहिणीकडं वळला. "बघ आक्का, शिकवलंस ना? तूच ठरव आता. पैसं भर, पोरगी नीट निघाली की सोमवारी सुपारी. न्हायतर तुझा शब्द गेला म्हण."

बानूबाईनं कमरेची पिशवी चाचपली. पैसे नाही भरले, तर शब्द जाणार, माहेरचं दार लागणार. आणि महानंदा त्याच घरात होती. सगळे टोमणे तिच्या ताटात पडणार. पैसे भरले, तर आपल्याच लेकीचं पोट वाईट, हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं. तसं ते तिनं एकदा केलंच होतं. एक लेकरू सात महिन्यांचं होऊन गेलं, दुसरं पाच महिन्यांचं. दोघांनीही मान धरली नाही. उचलून घेतलं की मान मागं पडायची, ती पडलेलीच. तेव्हा बानूबाईनंच महानंदाला देवादेवाच्या पायरीवर नेलं होतं, उपास धरायला लावले होते. गुंडाप्पाला एक सोमवार धर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं कमरेची पिशवी सोडली. शब्द म्हणजे शब्द. पैसे भरायचे.

पिशवी सुटलेली बघून गुंडाप्पाचा चेहरा खुलला. तो उठून लिंबाखाली गेला. तिथं बानूबाईच्या कळपातला बोकड बांधलेला होता. बाजारातून आणून त्याला दोन वर्षं झाली होती. कळपातल्या त्याच्याच लेकी आता माजावर येऊ लागल्या होत्या, म्हणून आज तो गुंडाप्पाच्या कळपात जाणार होता. बोकडाच्या पाठीवर थाप मारून गुंडाप्पा म्हणाला,

"येळेवर भाईर काढलास बघ आक्का. आपला आबा सांगायचाच की, बोकडाला लेक कळत न्हाय, धन्याला कळाया पायजे. आपल्यातच ठिवला की करडं मान धरत न्हाईत."

बानूबाईचा हात पिशवीतच राहिला.

"काय म्हणालास?"

"आबा सांगायचा..."

"आबाचं ऱ्हाऊ दे. करडं काय करत न्हाईत?"

"मान..." गुंडाप्पानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

पन्नास वर्षं बानूबाई कळप राखत होती. एका बोकडाला तिनं तिसरं वर्ष लागू दिलं नव्हतं. दुष्काळात नाही, नवरा गेला त्या वर्षीही नाही. कुणाची आई कोण, कुणाचा बाप कोण, दीडशे शेळ्यांचं तिला तोंडपाठ होतं.

तिनं पिशवीची नाडी आवळली. लिंबाखाली गेली. दावं सोडलं आणि गुंडाप्पाच्या हातात कोंबलं.

"मग तपासणीचं?" गुंडाप्पाचा आवाज बसला होता.

"कशाला? रोज सोडायची-बांधायची जनावरं, त्यांच्यात दिसत हुतं ते म्या माझ्या घरात बघितलं न्हाय. आता नळी काय नवं सांगनार मला?" बानूबाई म्हणाली. "महानंदाच्या पोटाला बोल लावतोस? ती माझ्या पोटची, आन् म्या-तू एका पोटचं. बोल कुठं जाऊन लागतोय, बघ. उद्या म्या येणार हाय तुझ्या घरी. चूक तिची नव्हती, माझी हुती, हे तिला माझ्या तोंडानं सांगाया. तवर तिला एक शब्द बोललास, तर माझ्याशी गाठ हाय."

बोकडानं दाव्याला हिसका दिला. गुंडाप्पा जागचा हलला नाही.

"उभा का? बोकड ने, गुंडाप्पा. तुझ्या कळपात त्याचं रगत न्हाय. तुझ्या घरात अक्षदाचं हाय."