पास देण्याआधी

अजिंक्यपदाचा करंडक बाकावर होता आणि बाराही जणी एकाच परातीतला चिवडा खात होत्या. बास्केटबॉलच्या या संघात कुणी स्टार नाही, हीच त्यांची मिजास. तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर क्रमवारी झळकली.

खेळताना कपाळावर बांधलेल्या, मेंदूतले संकेत टिपणाऱ्या पट्ट्यांनी हंगामभर एकच गोष्ट मोजली होती: एखादीला पास देण्याआधी दुसरीचं मन किती कचरतं. जिच्याकडे चेंडू बेधडक जातो, ती पहिली.

शलाका बारावी आली.

तिने तपशील उघडला. सगळ्यांत फरक एकोणीस-वीसचाच होता. दहा जणी तिच्या बाबतीत कधीच कचरल्या नव्हत्या. कचरली होती एकटी हर्षदा, होस्टेलपासूनची तिची रूममेट, आणि तीही प्रत्येक पासला. तेवढ्यानेच शलाका तळाला गेली होती.

"अगं, मशीनला काय कळतंय," हर्षदा म्हणाली.

"तेच म्हणते मी. फायनलचा शेवटचा पास तूच दिलास ना मला? त्याच बास्केटवर जिंकलो आपण."

हर्षदाने परातीतला एक शेंगदाणा उचलला आणि परत ठेवला.

"बाकीच्या तिघींना अडवलं होतं गं."