पोळ्याच्या दिवशी

लढाईच्या वर्षांत सरकारने आमच्या गावची छोटी लाईन उखडून रूळ नेले. ती परत टाकावी म्हणून गावाने अर्ज केला. आज रेल्वेचे साहेब जळगावहून चौकशीला आले, तेव्हा पाटलांनी मला पुढे ढकललं. "हा तोताराम, साहेब. गाडी नव्हती म्हणून याची बायको बाळंतपणात गेली. सांग ना भो, मुका झाला का?" मी हो म्हटलं असतं तर अर्जाला जोर आला असता. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. साहेबांनी विचारलं, "दवाखान्यात न्यायला बैलगाडी नव्हती?" "त्या दिवशी कुठली मिळायला, साहेब," पाटील म्हणाले. "होती," मी म्हणालो. "माझीच होती. बैलही दारात उभे होते, शिंगं रंगवलेले. पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तरी मी जुंपायला गेलो, तर हे पाटील आडवे आले. म्हणाले, आज बैल जुंपलेस तर गावच्या विहिरीवर पाय ठेवू देणार नाही." पाटील तांबडेलाल झाले. "अन् तू ऐकलंस ना? बायको तुझी होती का माझी?" "ऐकलं," मी म्हणालो. "ती आत ओरडत होती आणि मी बैलांजवळ बसून राहिलो. दिवस मावळायला ती गेली. साहेब, लाईन टाका नाहीतर राहू द्या. पण तिच्या मरणापुढे रेल्वेचं नाव लिहू नका. माझं आणि पाटलांचं लिहा."